मेल्यावर नक्की कोण उरतं? थिऑसॉफी काय सांगते

नमस्कार मंडळी, फोंड्यावरून बोलतोय, बाहेर पाऊस धो धो लागलाय, आवाज आला तर सांभाळून घ्या. म्हाळाचे दिवस आले की आपल्याकडे कोणीतरी विचारतंच, कावळ्याच्या पानावर आजोबा खरंच येतात काय? थिऑसॉफी ही एकोणिसाव्या शतकातली एक आध्यात्मिक विचारसरणी, तिचे लोक यावर उलटं विचारतील, आजोबांमधला कोण?

हेलेना ब्लाव्हाट्स्की ही रशियन बाई आणि अमेरिकन कर्नल ऑलकॉट वगैरेंनी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी काढली, १८७९ ला दोघं मुंबईत आली, मग मद्रासच्या अड्यारला मुख्यालय. इतिहास एवढा पुरे.

बाई सांगतात, माणूस सात तत्त्वांचा. स्थूल शरीर, लिंगशरीर (त्याचीच सूक्ष्म प्रत), प्राण, काम (म्हणजे वासना) ही खालची चार जाणारी, आणि आत्मा, बुद्धी, मनस ही वरची तीन. आता गंमत बघा, यातला आत्मा तुमचा-माझा वेगळा नाहीच, तो सगळ्यांचा एक, बुद्धी त्याचं वाहन, म्हणजे जन्मामागून जन्म घेणारा 'मी' म्हणायचा तर तो मनस, आणि तोही अख्खा नाही! त्याची एक बाजू बुद्धीकडे ओढते, दुसरी वासनेकडे, म्हणजे हेवेदावे, जमिनीच्या केसी, शेजाऱ्याची नवी गाडी, सगळं त्या खालच्या बाजूला. गीतेत आपण जुने कपडे टाकून नवे घालतो ना, इथे कपड्यांबरोबर घालणाऱ्याचाही अर्धा भाग गळतो.

तो गळलेला भाग कामलोकात, म्हणजे मेल्यानंतरच्या वासनांच्या लोकात राहतो, त्याचं नाव कामरूप, नुसतं कवच. तेव्हा युरोप-अमेरिकेत टेबलाभोवती बसून मेलेल्यांशी बोलायचं खूळ होतं, बाईंचं म्हणणं, तिथे बहुतेक वेळा येतं ते हे कवच, जुन्या आठवणी बडबडणारं, आवाज आजोबांचा असेल पण आजोबा नाहीत. अपघातात किंवा आत्महत्येने अकाली गेलेल्यांचं मात्र त्या वेगळं धरायच्या.

आणि वरचा मनस? तो आयुष्यातलं प्रेम, ध्यास, जे काय उंच असेल तेवढं घेऊन देवचनात, म्हणजे दोन जन्मांमधल्या स्वर्गासारख्या अवस्थेत जातो. १८८९ च्या 'द की टू थिऑसॉफी'त दोन जन्मांमधलं अंतर हजार ते पंधराशे वर्षं दिलंय, आणि पुढचा जन्म माणसाचाच, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा हिशेब इथे चालत नाही.

मी अडतो तो देवचनापाशी. तिथे गेलेल्या आईला वाटतं मुलं आपल्याजवळच आहेत, इकडे ती पोरं रडतायत आणि तिला पत्ताच नाही. बाई म्हणतात, नाहीतर वरून पोरांचे हाल बघत बसायचं, त्याला स्वर्ग कसं म्हणायचं? तर्क पक्का आहे हो, पण कुठल्याही आईला विचारा, ती हे असलं सुख घेणार नाही असं मला वाटतं.