मोटरची सायकल आणि हद्दीचा खांब

(पडद्यावर: पाइनच्या रानातली मातीची वाट. चढावरून एक सायकल वर येतेय.)

ही वाट जेमतेम हातभर रुंद आहे. एका वेळी एकच सायकल जाईल, एवढीच. अमेरिकेच्या पश्चिम भागात अशा वाटेला सिंगलट्रॅक म्हणतात. आता येणाऱ्या सायकलीकडे नीट बघा. चालवणारा पेडल मारतोय, घामही गाळतोय, पण चढ त्याला जड जात नाहीये. पेडलांच्या मधोमध एक लहानशी मोटर आहे. ही ई-बाईक. सायकल अगदी शेजारून गेली, तरच तिची बारीक घरघर ऐकू येते.

मग ही सायकल म्हणायची की मोटरगाडी?

(पडद्यावर: वाटेकडेचा हद्दीचा खांब.)

याचं उत्तर अशा खांबापाशी बदलतं. अलीकडची जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे इंटीरियर खात्याची. पलीकडची फॉरेस्ट सर्व्हिसची, म्हणजे कृषी खात्याची. पहिल्याकडे सुमारे 24.5 कोटी एकर, दुसऱ्याकडे सुमारे 19.3 कोटी एकर. दोन्ही सरकारी, दोन्ही जनतेच्या. वाट मात्र हद्द ओलांडून सरळ पुढे जाते.

ई-बाईकचे तीन वर्ग मानले जातात. पहिल्या वर्गात पेडल मारल्याशिवाय मोटर चालत नाही आणि ताशी 20 मैलांना, म्हणजे 32 किलोमीटरना, तिची मदत थांबते. दुसऱ्या वर्गाला थ्रॉटल असतो, त्यामुळे पेडल न मारताही ती पळते. तिसऱ्यात पेडलसोबतची मदत 28 मैलांपर्यंत मिळते. कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये हे वर्ग कायद्यात आणले, पुढे इतर अनेक राज्यांनीही. डोंगरातल्या वाटांवरचा खरा वाद आहे तो पहिल्या वर्गाचा.

29 ऑगस्ट 2019 रोजी इंटीरियर खात्याचे मंत्री डेव्हिड बर्नहार्ट यांनी एक आदेश काढला: साध्या सायकली जिथे चालतात, तिथे ई-बाईकनाही वाट द्या. ज्यांचे गुडघे आता चढाला साथ देत नाहीत, त्यांना त्या दिवशी किती आनंद झाला असेल! पण एका आदेशाने देशभरच्या वाटा उघडायच्या, ही पद्धत मला तेव्हाही चुकीची वाटली, आजही वाटते. याच खात्याच्या राष्ट्रीय उद्यानांचं प्रकरण कोर्टात गेलं. 2022 मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की पर्यावरणावर काय परिणाम होईल, याची कायद्याला हवी तशी तपासणी पार्क सर्व्हिसने केलीच नव्हती. नियम रद्द झाला नाही, पण ती तपासणी करणं भाग पडलं. ब्युरोने मात्र 2020 च्या अखेरीस वेगळा रस्ता धरला. तिथे कुठलीही वाट आपोआप खुली होत नाही. स्थानिक अधिकारी त्या त्या वाटेचा विचार करून ठरवतो.

खांबापलीकडे फॉरेस्ट सर्व्हिसच्या लेखी ई-बाईक ही मोटरगाडीच आहे. 2022 च्या सुधारित सूचनांनी तिच्यासाठी वेगळा गट केला, वाटा खुल्या करण्याचा मार्गही आखून दिला. पण वाट अशी रीतसर खुली होईपर्यंत साध्या सायकलींच्या वाटेवर तिला मज्जाव. त्याआधी 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या टाहो राष्ट्रीय अरण्यात रीतसर प्रक्रिया न करताच काही वाटांवर ई-बाईकना मुभा दिली गेली. घोडेस्वारांच्या आणि निसर्गरक्षणाच्या संघटनांनी दावा लावला, आणि मुभा मागे घ्यावी लागली.

(पडद्यावर: धुळीचा उतार, सायकलींच्या चाकांच्या खुणा.)

सगळ्यात कडवा विरोध कधी कधी सायकलवाल्यांकडूनच होतो. त्यामागे जुनी जखम आहे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात, माउंट टॅमल्पाइसच्या उतारांवर काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन सुसाट उतरायचे. माउंटन बाईक हा प्रकार तिथेच वाढला. मग पायी चालणारे आणि घोडेस्वार चिडले: वेग फार, घोडे बुजतात, माती उकरली जाते. वाटा बंद झाल्या. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याखालच्या अरण्यांत तर साधी सायकलही आजपर्यंत नेता येत नाही. ‘आम्हाला मोटर नाही’ असं वर्षानुवर्षं पटवून, फावडी-कुदळी घेऊन, सुट्टीच्या दिवशी राबून या लोकांनी वाटा मिळवल्या. त्याच वाटेवर मोटर आली, तर उद्या सगळ्याच सायकली हाकलल्या जातील, ही त्यांची भीती. ती मला खोटी वाटत नाही. 2017 मध्ये माउंटन बाईकवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पहिल्या वर्गाला पाठिंबा दिला, तोही साध्या सायकलींचा प्रवेश जाऊ नये या अटीवर.

मातीचं काय? याच संघटनेने ओरेगॉनमध्ये छोटी चाचणी केली होती. पहिल्या वर्गाच्या ई-बाईकने सरकलेली माती साध्या माउंटन बाईकच्या जवळपासच होती, मोटरसायकलने कितीतरी जास्त. चाचणी एकाच जागची, पण दुर्लक्ष करावं अशी नाही.

माझ्या मते खरा फरक चढावर आहे. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा इथला रिवाज. चढणारा हळू येणार, हे त्यात गृहीत होतं. आता वळणापलीकडून तोही वेगाने येतो. समोर घोडा असेल, तर दोघांनाही सावरायला क्षणही मिळत नाही. दुसरा फरक अंतराचा. पूर्वी दमून जिथून माघारी फिरायचे, तिथून आता माणसं आणखी आत जातात. ओरेगॉनच्याच स्टार्की अरण्यातल्या अभ्यासात एल्क हरणं माणसांपासून दूर सरकताना दिसली. रानात फिरणाऱ्या चारचाकी मोटरगाड्यांपासून, म्हणजे एटीव्हींपासून, सगळ्यात जास्त, त्याखालोखाल माउंटन बाईकपासून. मोटर गप्प असली म्हणून हरणांना माणूस कळत नाही, असं नाही.

म्हणून प्रत्येक वाट आधी चालून बघावी लागते. उतार किती, वळणं किती आंधळी, घोडे येतात का, हरणांची वीण कधी. युटामध्ये मोअॅबजवळची स्लिकरॉक ट्रेल 1969 मध्ये मोटरसायकलींसाठीच आखली गेली. सायकलवाले मागाहून आले, आणि आज त्या खडकावर दोघंही फिरतात. तिथे ई-बाईकवरून भांडायचं कारणच नाही. दाट झाडीतली, एकाआड एक वळणांची वाट मात्र बंदच राहिलेली बरी.

वाट खुली करण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा लोकांची मतं मागवली जातात. ज्याला ती वाट हवी आहे, त्याने तिथे लिहावं. रात्री पाटी चुकवून जाणारा एकेक ई-बाईकवाला बाकी सगळ्यांची बाजू लंगडी करतो.

(पडद्यावर: पुन्हा तोच खांब. दोन सायकली.)

मोटर नसलेली सायकल पलीकडे निघून गेली. दुसरी थांबलीय. चालवणाऱ्याने फॉरेस्ट सर्व्हिसचा मोटरवाहनांचा नकाशा उघडलाय. पलीकडची वाट त्यात नाही. तो सायकल वळवतो.