दोन सारख्या प्रती

धुळ्यात बोर्ड दुरुस्तीचं काम शिकणाऱ्या आणि करणाऱ्या मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.

सकाळी भुसावळहून निघताना खिशात एक डबी घातली. तिच्यात ही आयसी आहे. मागच्या रांगेला दिसणार नाही, म्हणून सांगतो: हरभऱ्याच्या दाण्याएवढी, काळी, दोन्ही बाजूंना चार-चार पाय. तुमच्या लॅपटॉपमध्ये ही आहे, घरच्या राउटरमध्ये आहे, टीव्हीच्या आणि सेट टॉप बॉक्सच्या बोर्डावर आहे. मशीनला करंट मिळाला की आता करायचं काय, हे प्रोसेसरला कुठून तरी कळावं लागतं. ते हिच्यात लिहिलेलं असतं. हिच्यातला मजकूर बिघडला तर बाकीचा बोर्ड धडधाकट असूनही मशीन मेल्यासारखं पडून राहतं.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "भाऊ, मशीन मरी गयं, दखा बरं." आपण बघतो. पंखा फिरतो, लाइट लागतो, डिस्प्ले येत नाही. आणि आपण म्हणतो, "ठेवून जा, सॉफ्टवेअर मारतो." हा 'मारणं', म्हणजे आयसीत नवा मजकूर लिहिणं, हा शब्द आपल्या धंद्यात इतका रुळलाय की त्याच्या आधी दुसरं एक काम असतं, हेच आपण विसरलोय. ते काम म्हणजे वाचणं. आयसीत आत्ता जे आहे ते जसंच्या तसं बाहेर काढून ठेवणं. आज मी प्रामुख्याने त्याबद्दलच बोलणार आहे. लिहिण्याबद्दल कमी बोलेन, कारण नीट वाचलेलं असेल तर लिहिणं सोपं आहे.

आधी आत काय घडतं ते समजून घेऊ. ही आयसी म्हणजे फ्लॅश मेमरी. १९८४ साली जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरीची कल्पना जगापुढे मांडली. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं एका झटक्यात पुसलं जातं म्हणून नाव फ्लॅश. हिच्या प्रत्येक कणात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायची एक बंदिस्त जागा असते. ती रिकामी असेल तर १ वाचला जातो, भरलेली असेल तर ०. लिहिताना फक्त १ चा ० करता येतो. ० चा पुन्हा १ करायचा तर पुसावंच लागतं, आणि एकटा कण पुसता येत नाही. बहुतेक आयसींमध्ये पुसायचा सगळ्यात लहान तुकडा ४०९६ बाइटचा असतो.

आपल्या शेतातलं सांगायचं तर पुसणं म्हणजे पाटपाणी. वाफ्याचं तोंड फोडलं की वाफा सगळाच्या सगळा भरतो, एका रोपापुरतं पाणी तिथे सोडता येत नाही. लिहिणं म्हणजे ठिबक, ज्या रोपाला हवं तिथेच थेंब. म्हणून एक अक्षर बदलायचं असलं तरी आख्खा वाफा आधी वाचून बाजूला ठेवावा लागतो, मग पुसायचा, मग बदलासकट परत भरायचा. वाचून बाजूला ठेवणं हे या आयसीच्या स्वभावातच आहे, ती काही माझ्या मनाची शिस्त नाही.

आता लक्षात येईल की अपडेट चालू असताना लाइट गेली तर काय होतं. वाफा पुसून झालेला असतो आणि भरायचा राहिलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना, लाइट कधी जाईल याचा नेम नाही. त्यात उन्हाळ्याचा स्वतःचा भाग वेगळा. आयसीच्या कागदपत्रात साधारण एक लाख वेळा पुसता येईल आणि मजकूर वीस वर्षं टिकेल असं लिहिलेलं असतं, पण कोंडलेले इलेक्ट्रॉन उष्णतेत लवकर निसटतात. पत्र्याखाली लावलेल्या बंद डब्यातल्या राउटरला ती वीस वर्षं मिळतीलच असं धरून चालू नका.

कधी कधी मजकूर मुद्दाम बिघडवला जातो. १९९८ मध्ये सीआयएच नावाचा व्हायरस आला. २६ एप्रिल १९९९ ला तो जगभर जागा झाला आणि हार्डडिस्कबरोबर बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, चिपवरही कचरा लिहून गेला. कितीतरी लोकांनी मदरबोर्ड टाकून दिले. चिप काढून पुन्हा लिहिली असती तर त्यातले बरेच वाचले असते. पण तेव्हा प्रोग्रामर, म्हणजे आयसी वाचायचं-लिहायचं यंत्र, महाग होता आणि तो कसा वापरायचा हे माहीत असणारे थोडे.

आज तशी अडचण नाही. आयसी वाचणारं-लिहिणारं फ्लॅशरॉम नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेत लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत १९९९ साली लिनक्सबायोस नावाचं काम सुरू झालं. बायोसच्या जागी खुला प्रोग्राम बसवायचा होता आणि तो चिपवर चढवायला हत्यार लागणार होतं. त्यातून हे हत्यार घडत गेलं. लिनक्सबायोसला २००८ पासून कोअरबूट म्हणतात आणि फ्लॅशरॉम आता स्वतंत्र प्रकल्प आहे. ते फुकट आहे, पण मला त्याचं महत्त्व वेगळ्याच कारणासाठी वाटतं. ते आयसीला कोणता हुकूम देतं, कोणत्या क्रमाने देतं, ते सगळं उघड लिहिलेलं आहे आणि कुणालाही वाचता येतं. प्रोग्रामरबरोबर कुठून कुठून फिरत आलेली सॉफ्टवेअर मिळतात आणि वर सूचना असते की आधी अँटीव्हायरस बंद करा. तसलं मी दुकानातल्या मशीनवर लावत नाही. गिऱ्हाइकाचा लॅपटॉप त्याच टेबलावर असतो.

हत्यारं थोडीच लागतात. सीएच३४१ए हा यूएसबी प्रोग्रामर, आठ पायांवर बसणारी क्लिप आणि लिनक्स असलेला कुठलाही जुना कॉम्प्युटर. रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर असेल तर वेगळा प्रोग्रामरही नको, त्याच्या पिनांवरून थेट वाचता येतं. पण काळ्या बोर्डाचा सीएच३४१ए घेणाऱ्यांनी हे लिहून घ्या. त्यातले बरेच असे असतात की आयसीला सप्लाय ३.३ व्होल्टचा जातो आणि डेटाच्या वायरींवर मात्र ५ व्होल्ट येतात. पुष्कळ आयसी ते सहन करतात, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण आयसीच्या मागे त्याच वायरींवर लॅपटॉपचा चिपसेट बसलेला असतो, आणि त्याला ते ५ व्होल्ट झेपतीलच असं नाही. क्लिप लावायच्या आधी मल्टिमीटर लावा. ५ दिसले तर प्रोग्रामरमध्ये बदल करून घ्या, नाहीतर दुसरा वापरा. आणि काही आयसी ३.३ च्याही नसतात, १.८ व्होल्टच्या असतात. विनबॉन्ड कंपनीची डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही आणि डब्ल्यू२५क्यू६४एफडब्ल्यू यांच्या नावात एका अक्षराचा फरक आहे. पहिली ३.३ ची, दुसरी १.८ ची. भिंगाखाली नाव पूर्ण वाचा, शेवटच्या अक्षरापर्यंत. १.८ च्या आयसीला मधे वेगळा अडॅप्टर लागतो.

आता वाचायला बसू. चार्जर काढा, बॅटरी काढा, बटन सेलही काढा. आयसीवर एका कोपऱ्यात टिंब असतं, तो पाय क्रमांक एक. क्लिपची लाल वायर तिथे. मग टर्मिनलमध्ये फ्लॅशरॉम, पुढे डॅश पी आणि प्रोग्रामरचं नाव, सीएच३४१ए अंडरस्कोअर एसपीआय. एवढंच द्या आणि बघा. फ्लॅशरॉम आयसीला तिचं नाव विचारतं, त्या हुकुमाचा क्रमांक ९एफ. आयसी तीन बाइटमध्ये उत्तर देते. डब्ल्यू२५क्यू६४एफव्ही असेल तर ईएफ, ४०, १७. पहिला बाइट कंपनीचा: ईएफ म्हणजे विनबॉन्ड, सी२ म्हणजे मॅक्रोनिक्स, सी८ म्हणजे गिगाडिव्हाइस. उत्तरात नुसते एफएफ किंवा नुसती शून्यं आली तर बहुतेक वेळा क्लिप बसलेली नसते. पायांवरचं लॅकर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुन्हा बसवा. घाई करू नका.

नाव जुळलं की डॅश आर आणि फाइलचं नाव. आठ मेगाबाइट वाचायला थोडा वेळ जातो, चहा मागवा. झालं की क्लिप न हलवता दुसऱ्या नावाने पुन्हा वाचा. मग क्लिप काढा, परत लावा, आणि तिसऱ्यांदा वाचा. तिन्ही फाइलींचा शा२५६सम, म्हणजे फाइलच्या सगळ्या मजकुरावरून निघणारा एक लांब आकडा, काढा. आकडा तंतोतंत एक आला तरच ती प्रत खरी. एका अक्षराचाही फरक असेल तर तुमच्याकडे प्रत नाही, अंदाज आहे, आणि अंदाजावर पुसायचं नसतं. फरक येतोय म्हणजे बहुधा क्लिपमधून गेलेला करंट अर्धा बोर्डच ओढतोय आणि चिपसेट मधेच जागा होऊन त्याच वायरींवर बोलतोय. वायरी आखूड करा. रास्पबेरी पाय असेल तर वेग कमी करा. तरीही जमलं नाही तर हॉट एअरने आयसी उचला आणि बाहेर वाचा.

आकडे जुळले तरी फाइल उघडून बघा. आयसीच्या नावातले ६४ म्हणजे ६४ मेगाबिट, बाइट नव्हे, म्हणून फाइल बरोबर ८३,८८,६०८ बाइटची हवी. इंटेलच्या लॅपटॉपची असेल तर सतराव्या बाइटपासून ५ए, ए५, एफ०, ०एफ अशी खूण बहुतेक वेळा सापडते. सगळीकडे एफएफ, म्हणजे नुसतेच १, असतील तर ती तिन्ही वेळा सारखीच येईल आणि तिन्ही वेळा निरुपयोगी असेल.

हे सगळं इतक्या बारकाईने का सांगतोय, ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी चोपड्याची एक मुलगी वडिलांबरोबर लॅपटॉप घेऊन आली. बायोस अपडेट होत असताना लाइट गेली होती आणि बॅटरी आधीच उतरलेली. मी इंटरनेटवरून त्याच बोर्डाची तयार फाइल उतरवली आणि थेट मारली. वाचलं नाही. डिस्प्ले आला, तिचा चेहरा खुलला, वडिलांनी पैसे दिले, मीही खूश. आठ दिवसांनी दोघं परत आले. विंडोज ॲक्टिव्हेट होत नव्हती. वॉरंटीसाठी मशीन दाखवायला गेले तर खालच्या स्टिकरवरचा नंबर आणि आतला नंबर जुळेना, म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. नेटवर्कचा हार्डवेअर पत्ताही दुसऱ्याच कुठल्या लॅपटॉपचा.

चूक पूर्ण माझी होती. त्या आयसीत नुसता बायोस नव्हता. तिच्या मशीनचा सीरियल नंबर होता, विंडोजची ॲक्टिव्हेशन की होती, नेटवर्कच्या तुकड्यात मॅक ॲड्रेस, म्हणजे तो हार्डवेअर पत्ता, होता. लाइट गेल्याने बायोसचा थोडा भाग खराब झाला असेल, बाकीचं तिचं होतं आणि चांगलं होतं. ते मी माझ्या हाताने पुसलं. आधी वाचून ठेवलं असतं तर नव्या फाइलमध्ये तिचे तुकडे बसवून देता आले असते. वडील म्हणाले, "भाऊ, चालतंय ना, जाऊ द्या." मी पैसे परत केले. ती की आणि तो नंबर परत करता आले नाहीत. तेव्हापासून दोन सारख्या प्रतींशिवाय माझ्या टेबलावर काही पुसलं जात नाही, आणि त्यातली एक प्रत पेन ड्राइव्हमध्ये गिऱ्हाइकाला जाते. मजकूर त्याच्या मशीनचा आहे, मालकी त्याची.

राउटरमध्ये तर हे अजून जपायला हवं. अॅथेरॉसच्या चिपच्या पुष्कळ राउटरांमध्ये शेवटी एआरटी नावाचा छोटा तुकडा असतो, बहुधा ६४ किलोबाइटचा. त्या एका डब्याचा रेडिओ कारखान्यात मोजून जुळवलेला असतो, ते आकडे तिथे असतात. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर चढवताना किंवा मेलेला राउटर उठवताना शेजारच्या डब्याची फाइल मारली तर तो चालू होईल, पण वायफाय त्या रेडिओला न जुळणाऱ्या आकड्यांवर चालेल. आणि तो तुकडा इंटरनेटवर मिळत नाही, कारण तो जगात एकाच ठिकाणी असतो.

लिहिण्याबद्दल दोनच गोष्टी. डॅश डब्ल्यू दिलं की फ्लॅशरॉम आधी जुना मजकूर वाचतं, नव्याशी ताडतं, जे वाफे वेगळे तेवढेच पुसून लिहितं आणि शेवटी पुन्हा वाचून खातरजमा करतं. ती खातरजमा पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर दिसेपर्यंत क्लिपला हात लावायचा नाही. दुसरं, खातरजमा फसली तर घाबरून करंट काढू नका. प्रोग्रामर लावलेलाच ठेवा आणि तीच फाइल पुन्हा लिहा. तुमच्याकडे प्रत आहे, त्यामुळे घाई कसली नाही.

एका मुलाने मघाशी चिठ्ठी पाठवली की यातून बायोसचा पासवर्ड निघतो का. काही मशीनमध्ये निघतो. पण बिल आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय मी ते काम घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. तो लॅपटॉप कुणाचा तरी चोरीला गेलेला असू शकतो.

मागच्या टेबलावर सहा जुने बोर्ड मांडलेत, तीन लॅपटॉपचे आणि तीन राउटरचे. त्यातल्या एका बोर्डावरची आयसी १.८ व्होल्टची आहे. कुठल्या, ते मी सांगणार नाही, भिंग शेजारीच ठेवलंय. दोघादोघांनी बसा. पहिला तासभर कुणीही डॅश डब्ल्यू टाइप करायचं नाही. टिंब शोधा, व्होल्ट मोजा, वाचा, आणि तिन्ही वाचनांचे आकडे कागदावर लिहून माझ्याकडे घेऊन या.