शेत राहिलं, घरं झाली नाहीत

[दृश्य: ऑक्टोबरची सकाळ. बटाट्याची काढणी.]

यंत्र सरीवरून पुढे सरकतंय आणि त्याच्या मागे मातीने माखलेले बटाटे उघडे पडतायत. माती बघा. हातात घेतली की सहज भुगा होते, खडा लागत नाही. हजारो वर्षांपूर्वी हिमनद्या वितळल्या, त्यांच्या पाण्याने आणून पसरलेल्या थरांवर तयार झालेली ही माती. एकदा तिच्यावर काँक्रीट पडलं की ती संपली.

हे लाँग आयलंड. न्यूयॉर्क शहरापासून पूर्वेला समुद्रात गेलेलं, जवळजवळ 190 किलोमीटर लांबीचं बेट. त्याचा पूर्वेकडचा भाग म्हणजे सफोक काउंटी. काउंटी ही साधारण आपल्या जिल्ह्यासारखी, पण तिचा कारभार निवडून आलेले लोक चालवतात आणि तिला स्वतःचे कर्जरोखे काढता येतात. पुढच्या गोष्टीसाठीचा पैसा सुरुवातीला त्या अधिकारातूनच उभा राहिला.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, एकसारख्या घरांच्या रांगा]

1947 साली शेजारच्या नासाउ काउंटीत बटाट्याच्या शेतांवर लेव्हिटटाउन ही वसाहत उभी राहू लागली. चार-पाच वर्षांत 17 हजारांहून जास्त घरं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती, त्यात वावगं काहीच नव्हतं. पण ती लाट थांबली नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला द्रुतगती महामार्ग सफोकच्या पूर्वेकडच्या रिव्हरहेड गावापर्यंत आला आणि सफोकच्या जमिनीला सोन्याचा भाव आला.

पुण्याच्या, नाशिकच्या वेशीवर शेती असलेल्यांना पुढचं समजावून सांगायला नको. शेजारचा गट एन.ए. झाला की दलाल आपल्या बांधावर येतोच. तिथे आणखी एक फास होता: वारसा कर. बाप गेला की जमिनीचं मूल्य पिकावर नाही, तर तिथे बंगले बांधले तर काय भाव येईल त्यावर धरलं जायचं. मुलाला शेती करायची असायची, पण कर भरायला शेतच विकावं लागायचं.

तेव्हा काउंटीचे प्रमुख होते जॉन क्लाइन. त्यांच्या कारकिर्दीत, 1974 साली, सफोकने अमेरिकेत तोवर कुणी न केलेली गोष्ट ठरवली. जमीन विकत घ्यायची नाही. जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क तेवढा विकत घ्यायचा.

[दृश्य: दस्तऐवजाचं पान, जवळून]

समजा, एका एकराला बिल्डर 10 रुपये देतो आणि नुसती शेती करणारा 3 देतो. मधले 7 रुपये काउंटी शेतकऱ्याला रोख देते. जमीन त्याच्याच नावावर राहते. तो ती कसू शकतो, विकू शकतो, मुलांना देऊ शकतो. फक्त तिथे वसाहत होणार नाही. ही अट दस्तात नोंदली जाते, आपल्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ लिहिलेले असतात तशी, आणि मालक कितीही बदलले तरी ती जमिनीला चिकटून राहते. काउंटीला हा हक्क परस्पर कुणाला देऊन टाकता येत नाही, त्यासाठी जनमत घ्यावं लागतं.

सक्ती कुणावरच नाही. ज्याला विकायचाय त्यानेच पुढे यायचं. मला या योजनेत सगळ्यात पटतं ते हेच. गावाला हिरवी शेतं हवीत, जमिनीखालचं पिण्याचं पाणी शुद्ध हवं, तर त्याची झळ एकट्या शेतकऱ्याने का सोसायची? इथे गाव पैसे मोजतं. बांधकामाचा हक्क गेल्यावर जमिनीचं मूल्य उतरतं, म्हणून वारसा करही उतरतो.

1977 मध्ये पहिले व्यवहार झाले. आजवर 10 हजार एकरांहून जास्त जमीन काउंटीने अशी राखली आहे. पुढे 1998 साली पूर्व टोकाच्या पाच टाउनच्या (टाउन म्हणजे काउंटीतला छोटा स्थानिक कारभार) मतदारांनी स्वतःवर कर लावून घेतला: घर-जमिनीच्या खरेदीवर 2 टक्के, आणि तो पैसा मोकळ्या जागा नि शेतं वाचवण्यासाठी. म्हणजे नवा बंगला घेणाराच शेजारच्या शेताचा खर्च उचलतो.

[दृश्य: उंच कुंपण, आत कापलेलं गवत]

पण हेही बघा. हे शेत राखीव आहे, इथे घर होणार नाही. पण इथे पीकही नाही. एखाद्या श्रीमंताने बंगल्यासमोरचा देखावा म्हणून अशी जमीन घेतली, तर जुन्या करारात त्याला अडवणारं फारसं काही नव्हतं. हॅम्प्टन्सच्या, म्हणजे श्रीमंतांच्या सुट्टीच्या बंगल्यांच्या किनारपट्टीच्या बाजूला असे खरेदीदार इतका भाव देतात की हक्क विकलेली जमीनसुद्धा तरुण शेतकऱ्याच्या आवाक्यात राहत नाही. घरं अडली, शेतकरी मात्र बाहेरच.

म्हणून साउदॅम्प्टन टाउनने काही जमिनींवर आणखी एक हक्क विकत घेतला. नव्या करारानुसार तिथे अन्नाचं पीक घ्यावं लागतं, नुसती हिरवळ चालत नाही. जमीन पुढे विकली, तरी ती कसणाऱ्यालाच परवडेल अशा भावात.

[दृश्य: रस्त्याकडेची टपरी. लाकडी खोक्यात कणसं, टोमॅटो, मातीसकट बटाटे.]