नव्या घरात लाकडी फरशी : मुहूर्त कोब्यावर सोडा

श्रोतेहो, नमस्कार.

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला, की निदान बेडरूममध्ये तरी लाकडी फरशी हवी, अशी पुष्कळांची हौस असते. जरूर करा. फक्त ती कधी बसवायची, हे वास्तुशांतीच्या मुहूर्तावरून ठरवू नका. खालचा कोबा, म्हणजे जमिनीचा सिमेंटचा थर, किती वाळलाय, त्यावरून ठरवा.

नवी इमारत वरून कोरडी दिसते, पण स्लॅब, कोबा, गिलावा या सगळ्यांत पाणी मुरलेलं असतं. एक इंच काँक्रीट वाळायला साधारण एक महिना, असा ढोबळ हिशेब आहे. मध्ये पावसाळा आला तर त्याहून जास्त. ही ओल लाकूड खालून शोषतं. पट्टी लांबीत फारशी वाढत नाही, रुंदीत फुगते. मग कडा वर येतात आणि मधला भाग खोलगट राहतो.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक कोब्यावर ठेवा, चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि दिवसभर तसंच राहू द्या. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट पडला, तर थांबा. प्लास्टिक कोरडं निघालं तरी ओलावामापक यंत्राने मोजून घ्याच.

पाण्याची कामं आधी उरका : पुट्टी, रंग, आणि बाथरूममध्ये पाणी साठवून गळतीची चाचणी. लाकूड त्यानंतर आणा. पट्ट्या त्याच खोलीत काही दिवस ठेवा, म्हणजे त्या तिथल्या हवेला सरावतात.

आता लाकूड कोणतं? मुंबई-कोकणच्या दमट हवेत मी अखंड सागवानापेक्षा इंजिनिअर्ड वुडच सुचवेन. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून ते कमी फुगतं-आकसतं. वरचा थर मात्र खऱ्या लाकडाचाच. नागपूरकरांनीही विचार करावा. मे महिन्यात हवा कोरडीठाक आणि जुलैत दमट, तिथे अखंड लाकूड उन्हाळ्यात आकसून फटी दाखवतं.

बिल्डरच्या टाइल्सवरच फरशी घालणार असाल, तर दाराखालची जागा आधी मोजा. चौदा मिलिमीटरची पट्टी आणि खालचा फोम मिळून उंची वाढते, दार घासतं.

लाकडाला फुगायला जागा म्हणून भिंतीलगत दहा-बारा मिलिमीटर फट हवीच. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकली जाते. म्हणून ठेकेदाराशी दर ठरवण्याआधी विचारा : ओल कोण मोजणार, फट किती ठेवणार? उत्तर लेखी घ्या.