सूर्य झोपतो कुठे?

[दृश्य : कोकणातला समुद्रकिनारा. दिवस मावळतीला आलेला.]

"बुडाला!"

किनाऱ्यावरची पोरं एकदमच ओरडतात. लाल गोळा पाण्याला टेकला, अर्धा झाला, चतकोर उरला, गेला. यातल्या पहिली-दुसरीतल्या कुणालाही विचारा, सूर्य कुठे गेला? पाण्यात. मग सकाळी कुठून येतो? डोंगरामागून. समोर दिसतोय ना सह्याद्री, त्याच्या मागून. रोज येतो, त्यात विचारायचं काय?

[दृश्य : साताऱ्याकडचं एक गाव. पश्चिमेला डोंगराची रांग.]

हाच प्रश्न घेऊन घाट चढून या. इथं समुद्र नाही. इथला सूर्य संध्याकाळी डोंगराआड जातो आणि तिथंच झोपतो. डोंगर कोणता? तोच, सह्याद्री.

आता खरी गंमत. इकडची मुलं म्हणतात, सूर्य सह्याद्रीमागे गेला, झोपला. त्याच क्षणी कोकणातल्या मुलांना फोन लावला, तर ती सांगतात, छे, आमच्याकडे तर तो अजून पाण्याच्या वर आहे, लख्ख. खोटं कुणीच बोलत नाही. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलंय. ही दोन उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली, की वर्गात आपसूक कुजबुज सुरू होते. दिवस-रात्रीचा धडा या कुजबुजीपासून सुरू करावा, असं आम्हाला वाटतं.

बहुतेक वेळा तो एका वाक्यापासून सुरू होतो. "पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस आणि रात्र होतात." तिसरीतलं मूल हे घडाघडा म्हणतं. परिवलन हा शब्दही त्याला येतो. त्यालाच विचारा, मग रात्री सूर्य कुठे असतो? "ढगामागे."

याला मूल कच्चं आहे असं म्हणता येत नाही. स्टेला वोस्नियादू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी अमेरिकेतल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या ६० मुलांशी पृथ्वीच्या आकाराबद्दल बोलून १९९२ साली आपले निष्कर्ष मांडले. पृथ्वी गोल आहे हे मुलांनी ऐकलेलं होतं, आणि जमीन सपाट आहे हे रोज दिसत होतं. मग काहींनी दोन्हींचा मेळ घातला. पृथ्वी गोल, पण पोकळ, आणि माणसं तिच्या आत सपाट जमिनीवर राहतात! मोठ्यांचं ऐकायचं आणि डोळ्यांवरही विश्वास ठेवायचा, तर दुसरं काय करणार?

[दृश्य : वर्गातल्या टेबलावर पृथ्वीगोल. विजेरीचा झोत.]

मग शाळेत पृथ्वीगोल येतो, विजेरी येते. अर्धा गोल उजळतो, अर्धा अंधारात. प्रयोग चांगलाच आहे. पण यात मूल पृथ्वीच्या बाहेर उभं असतं, आणि सूर्योदय त्यानं पाहिलेला असतो अंगणातून. बाहेरून दिसणारा गोल आणि अंगणातून दिसणारं आकाश यांची गाठ त्याच्या मनात कोण मारणार? मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात खगोलशास्त्र शिकवताना हातवारे आणि अंगाच्या हालचाली कशा उपयोगी पडतात, यावर संशोधन झालं आहे. त्या वाटेनं थोडं जाऊन बघू.

[दृश्य : खिडक्यांवर चादरी. खोलीच्या मधोमध टांगलेला एकच पिवळा बल्ब.]

दुसरीतली एक मुलगी बल्बापासून चार पावलांवर उभी आहे. आता ती पृथ्वी आहे. डोकं म्हणजे उत्तर ध्रुव. नाकाचा शेंडा म्हणजे आपलं गाव. डाव्या तळहातावर कागद चिकटवलाय, त्यावर "पू". उजव्यावर "प". पाठ बल्बाकडे. गावात रात्र.

बाई सांगतात, डावीकडे वळ. सावकाश. मान नाही वळवायची, सगळंच अंग वळू दे.

ती वळते. अजून अंधार. अजून थोडी. आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात उजेड शिरतो. "उगवला!" ती वळतच राहते. बल्ब समोर आला, नाकावर ऊन पडलं, दुपार झाली. मग तो उजवीकडे सरकत सरकत उजव्या खांद्याआड गेला. बल्ब जागचा हललेला नाही. तिचे पाय मात्र गोल फिरून आलेत, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

डावीकडेच का? नकाशात तर पूर्व उजव्या हाताला असते. नकाशा आपण बाहेरून बघतो. इथं आपण स्वतःच नकाशा झालोय, म्हणून बाजू उलटतात. इथं भलेभले चुकतात. आमच्याच चित्रीकरणात एका मुलाला उजवीकडे वळायला सांगितलं गेलं. कॅमेऱ्यामागे कुणाच्या लक्षातही आलं नाही. तोच म्हणाला, "बाई, सूर्य प वर उगवला." अख्खं दृश्य परत घ्यावं लागलं.

मग पुढचा प्रश्न येतो, यायलाच हवा. पृथ्वी फिरते तर आपल्याला गरगरत का नाही?

भिंतीवरच्या घड्याळाचा तासकाटा बघा. फिरताना दिसतो का? तो १२ तासांत एक फेरी मारतो. पृथ्वीला सूर्याच्या हिशेबानं २४ तास लागतात, म्हणजे ती तासकाट्याच्याही निम्म्या वेगानं वळते. फुगडीसारखी गरकन नाही. पण पृथ्वी आहे अवाढव्य, त्यामुळे एवढ्या संथ वळण्यातही महाराष्ट्रातली माणसं ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे चाललेली असतात. ना धक्का, ना खडखडाट. एसटीत असं सुख कुठलं!

[दृश्य : एसटीच्या खिडकीतून मागे पळणारी झाडं.]

एसटीवरून आठवलं. झाडं मागे पळतात, हे प्रत्येक मुलानं पाहिलंय आणि ती खरोखर पळत नाहीत हेही त्याला ठाऊक असतं. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात हेच म्हटलं, फक्त त्याची एसटी म्हणजे नाव होती. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात.

हे सगळ्यांना पटलं नाही. वराहमिहिरानं हरकत घेतली : पृथ्वी फिरत असेल, तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यात परत कसे येतात? हा प्रश्न आजही वर्गात कुणीतरी विचारतं. बहुधा मागच्या बाकावरून. त्याला हसू नका. चालत्या एसटीत रुपयाचं नाणं वर उडवायला सांगा. ते मागच्या सीटवर जात नाही, हातातच पडतं, कारण वर जातानाही गाडीचा वेग त्याच्याजवळ असतो. पक्षी आणि हवा, दोन्ही पृथ्वीबरोबरच चाललेत.

[दृश्य : शाळेचं अंगण. वाळूच्या डब्यात रोवलेली काठी.]

उन्हाचं काम काठीवर सोपवावं. थेट सूर्याकडे बघायचं नाही, हे आधी बजावून. दर तासाला सावलीच्या टोकावर एक खडा. संध्याकाळपर्यंत खड्यांची रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे गेलेली असते. सगळ्यात आखूड सावली मात्र बाराच्या ठोक्याला पडत नाही. कोकणात ती साडेबाराच्या आसपास पडते, कारण आपलं घड्याळ, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेचं, ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून लावलेलं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. एक अंश वळायला पृथ्वीला ४ मिनिटं लागतात. म्हणून नागपूरला मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी उजाडतं.

चंद्राला या धड्यात शक्यतो आणू नका. तो आला की मुलं रात्रीचं सगळं खापर त्याच्यावर फोडतात.

त्यापेक्षा कुणाची आत्या न्यू जर्सीला असेल, तर तिला व्हिडिओ कॉल लावा. इथं सकाळचे ७, मुलं दूध पितायत. आत्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ, थंडीत साडेआठ. "आत्या, खिडकी दाखव ना." ती फोन फिरवते. काच काळीकुट्ट.

[दृश्य : पुन्हा तोच किनारा. संध्याकाळ.]

आज पोरं वाळूत उताणी पडली आहेत. डोकं उत्तरेला, नाक आभाळाकडे. डावा हात सह्याद्रीकडे पसरलेला, उजवा समुद्राकडे. गोळा पाण्याला टेकलाय. ओरडायचं कुणालाच सुचत नाही. सगळ्यात धाकट्यानं दोन्ही मुठींत वाळू घट्ट धरून ठेवली आहे.

"काय रे?"

"डावीकडे चाललोय ना."