भुशातून स्टिअरिंगपर्यंत: सॅगिनॉ

ओंडक्यांवर खूण मारायच्या हातोड्याच्या तोंडावर अक्षरं उलटी कोरलेली असत. ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर एक घाव घातला, की मालकाची खूण लाकडात रुतून बसते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, सॅगिनॉ नदीच्या खोऱ्यात, अनेक मालकांचे ओंडके एकाच पाण्यातून वाहत यायचे. खूण नसली, तर भांडण ठरलेलं.

तोड हिवाळ्यात. पांढऱ्या पाइनची झाडं पाडून साधारण १६ फुटी ओंडके करायचे. वाटेवर रात्री पाणी शिंपडलं, की सकाळपर्यंत गुळगुळीत बर्फ तयार. त्यावरून घोड्यांची जोडी डोंगराएवढा भार ओढून नदीकाठी आणायची. बर्फ वितळून नदी फुगली, की सगळा माल पाण्यात. हिवाळ्यात बर्फच कमी पडलं, तर दोन्हीकडून मार: घसरगाड्या चालायच्या नाहीत आणि पुढे पाणी अपुरं पडून ओंडके वाटेतच रुतायचे. जे टिटाबावासी नदीतून खाली पोचत, त्यांना साखळ्यांनी जोडलेल्या तरंगत्या लाकडांचं कुंपण अडवायचं. तिथे खुणा पाहून वाटणी, मग गिरणी.

सॅगिनॉत वाफेवरची पहिली लाकूडगिरणी १८३४ची. १८८२ साली खोऱ्यातल्या गिरण्यांनी १०० कोटी बोर्ड फुटांहून जास्त लाकूड कापलं (एक बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी). आपल्या सुताराच्या हिशेबात ८ कोटी ३३ लाख घनफूट!

यात नासाडीही अफाट. गोल करवतीचं पातं जाड. प्रत्येक कापात सुमारे ८ मिलिमीटर लाकूड भुसा होऊन जायचं. म्हणजे इंची जाडीच्या तीन फळ्या काढताना जवळजवळ चौथी भुशात. पातळ पट्टा-करवत आली, तेव्हा कुठे हे कमी झालं.

पण याच कचऱ्यानं गावाला दुसरा धंदा दिला. जमिनीखाली खारं पाणी होतं. १८६०च्या सुमारास विहिरी खोदून ते वर काढायला सुरुवात झाली. भुसा आणि सालपटं बॉयलरमध्ये जाळायची, इंजिनातून बाहेर पडणारी वाफ लांबट लाकडी हौदांतल्या नळ्यांतून फिरवायची आणि तळाशी बसलेलं मीठ ओढून काढायचं. पिपंही स्थानिक लाकडाचीच. इंधन जवळपास फुकट, म्हणून मीठ स्वस्त.

कामगार मात्र स्वस्तात राबायला कायम तयार नव्हते. जुलै १८८५मध्ये दिवसाला दहाच तास काम हवं म्हणून 'दहा तास, नाहीतर भुसा नाही' ही घोषणा देत त्यांनी गिरण्या बंद पाडल्या.

पाइन संपत आला, तसे कॅनडातून ओंडके ओढून आणले जाऊ लागले. १८९८पासून तिथल्या ऑन्टारिओ प्रांतानं आपलं लाकूड आपल्याच हद्दीत कापण्याची सक्ती केली आणि तीही वाट बंद झाली.

गाव तरलं ते यंत्रशाळांवर. एका चौकटीत अनेक पाती बसवून अख्खा ओंडका एका फेरीत चिरणाऱ्या करवती विकीज बंधू इथे बनवत. नंतर त्यांच्या कारखान्यातून बॉयलर आणि मोटारींचे क्रँकशाफ्ट (इंजिनातले फिरते मुख्य दांडे) कातणारे लेथ बाहेर पडले. १९०६मध्ये जॅक्सन, चर्च अँड विल्कॉक्स ही कंपनी उभी राहिली. ती पुढे जनरल मोटर्सकडे गेली आणि 'सॅगिनॉ स्टिअरिंग गिअर' झाली. दुसऱ्या महायुद्धात तिनं मशीनगन आणि एम-१ कार्बाइन रायफलीही बनवल्या. स्टिअरिंगचा हा वारसा आज नेक्स्टीअर ही कंपनी चालवते. तिचा एक कारखाना पुण्यातही आहे.