सिझेरियनच्या व्रणात रुजलेला गर्भ

नमस्कार. आधीचे सिझेरियन असलेल्या स्त्रीला पुन्हा दिवस गेले, की आपल्या इंदुरातल्या मराठी घरांत अजूनही ‘तिसरा महिना लागू दे, मग सोनोग्राफी करू’ असे सांगितले जाते. या एका बाबतीत वडीलधाऱ्यांचे ऐकू नका. सहाव्या-सातव्या आठवड्यात योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत जे स्पष्ट दिसते, ते पुढे झाकले जाते.

सिझेरियनच्या टाक्यांची जागा नीट भरून आली नसेल, तर तेथील खाचेत गर्भ रुजू शकतो. 1978 साली प्रथम नोंदला गेलेला हा प्रकार दुर्मीळ आहे, साधारण दोन हजार गरोदरपणांत एक. पडद्यावर गर्भाशयाची पोकळी रिकामी दिसते, गर्भाशयमुखाचा मार्गही रिकामा असतो आणि गर्भाची सॅक, म्हणजे गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी, खाली, पुढच्या भिंतीत, मूत्राशयाला जवळजवळ टेकलेली असते. मधला स्नायूचा थर कधी एक-दोन मिलिमीटर, कधी तेवढाही नाही. डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लावला की सॅकभोवती रक्तप्रवाह दाट दिसतो. गर्भपात होताना खाली सरकलेल्या सॅकभोवती असा प्रवाह नसतो, आणि प्रोबने (सोनोग्राफीच्या दांडीने) हलके दाबल्यास ती सरकते.

सातव्या आठवड्यानंतर सॅक पोकळीकडे वाढते, ठोके ऐकू येतात, घरात पेढे वाटले जातात; वार (प्लॅसेंटा) मात्र व्रणातच रुजलेली राहते. म्हणून डॉक्टरांना ठोक्यांबरोबरच सॅक नेमकी कुठे आहे, हेही विचारावे.

निदान झाल्यावर वाट पाहणे सहसा योग्य नसते, कारण गर्भाशय फाटणे, वार स्नायूत घुसणे आणि प्रसंगी गर्भाशय काढावे लागणे, हे धोके खरे आहेत. सोनोग्राफीच्या देखरेखीखाली सक्शन (गर्भ शोषून काढणे), दुर्बिणीने तो भाग काढून टाके घालणे किंवा सॅकमध्येच मेथोट्रेक्सेट या गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन, यांतून निवड होते. केवळ दंडात वा कमरेत दिलेले मेथोट्रेक्सेट पुरेसे मानले जात नाही, आणि नुसते क्युरेटिंग, म्हणजे गर्भाशय आतून खरवडणे, तर रक्तस्रावाला आमंत्रणच. सोनोग्राफीविना मेडिकलवरून गर्भपाताच्या गोळ्या आणून घेणे, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते. इंदूरजवळच्या महू किंवा देपालपूरसारख्या लहान गावी निदान झाले, तर रक्तपेढी आणि शस्त्रक्रियागृह दोन्ही असलेल्या रुग्णालयातच उपचार घ्यावेत.

सर्व माहिती घेऊनही गर्भ ठेवायचा निर्णय झाला, तर प्रसूती साधारण 34 ते 36 आठवड्यांदरम्यान सिझेरियननेच, पूर्ण तयारीनिशी केली जाते. उपचार घेतल्यास रक्तातले बीटा-एचसीजी हे गरोदरपणाचे संप्रेरक शून्यावर येईपर्यंत तपासण्या चुकवू नयेत, किमान वर्षभर गर्भनिरोधक वापरावे, आणि पुढच्या वेळी पाळी चुकताच सोनोग्राफीची तारीख ठरवावी.